मर्फीच्या ओढ्यातली भेग

नोलीन वडिलांच्या पायाची नखं कापत बसली होती, तेव्हा ब्रिस्बेनहून तिच्या बहिणीचा, रेविनचा, फोन आला. क्लॅरीने तिच्या मांडीवरचा पाय ओढून घेतला आणि अनवाणीच फोनकडे गेला, तो इतक्या लगबगीने की सकाळपासून हाच माणूस गुडघ्याच्या नावाने रडत होता हे कुणाला पटलं नसतं.

"कायमची म्हणजे? सामानसुमान घेऊन?" तो फोनमध्ये म्हणत होता. "अगं, त्यात विचारायचं काय? घर तुझंच आहे."

नोलीनने फरशीवरची नखं वर्तमानपत्रावर गोळा केली. घर तुझंच आहे. त्या घराच्या छपराचे पत्रे गेल्या हिवाळ्यात तिने उभं राहून बदलून घेतले होते. धुराड्यातली काजळी तीच काढायची, क्लॅरीच्या गोळ्या डबीच्या खणांत तीच भरायची, आणि रोज कामावर जाण्याआधी दोन गल्ल्या चालत येऊन त्याची ओटची लापशी शिजवून ठेवायची. ती लापशी कधी घट्ट असायची, कधी पातळ. बरोबर झालीय असं क्लॅरी कधी म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं.

"रेविन येतेय," फोन ठेवून तो म्हणाला. "त्या गाढव नवऱ्यापासून सुटली एकदाची."

"दुसरा पाय दे," नोलीन म्हणाली.

रीफ्टनच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेलं ते गाव. कोळशाची खाण चालू होती तोवर गजबजलेलं होतं. पुढे ज्याला जमलं तो न्यूझीलंड सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. रेविन विशीतच गेली. नोलीनचा नवराही तिकडच्या खाणीत कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. नोलीन राहिली. तिला दवाखान्याच्या धुलाईघरात नोकरी होती, म्हातारा होता, आणि रविवारी मर्फीचा ओढा होता.

तो ओढा सोनं शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी मोकळा ठेवलेला. फावडं, पहार, थाळी घेऊन कुणीही जावं, यंत्र मात्र लावायचं नाही. क्लॅरी तिला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा ती शाळेत होती. सोनं जड असतं म्हणून ते पाण्याच्या आतल्या वळणावर, दगडाच्या पाठीमागे, तळखडकाच्या भेगांत जाऊन दडतं, हे त्याने तिला शिकवलं. थाळीत रेती घेऊन ती पाण्याखाली कशी हलवायची, हलकी माती कशी सोडून द्यायची आणि शेवटी उरलेल्या काळ्या रेतीला एकच हलका झोका देऊन सोन्याची पिवळी कड कशी काढायची, हेही त्यानेच शिकवलं. आणि काम झालं की खड्डा बुजवायचा, दगड होते तसे ठेवायचे, शेवाळाची बाजू वर. "आपण आलो होतो हे ओढ्यालासुद्धा कळता कामा नये," असं तो म्हणायचा. दोघं दिवसभर शेजारी शेजारी वाकून बसायची आणि चार वाक्यांपलीकडे बोलायची नाहीत. नोलीनच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास तेच होते. सापडलेले कण खिडकीतल्या एका लहान बाटलीत जायचे. त्यातला कुठला कुणाचा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

एका जागेला मात्र क्लॅरीने तिला कधी हात लावू दिला नाही. डोहाच्या वर, वळणावर, बैलाएवढा एक धोंडा तळखडकावर रेलून पडला होता. त्याच्या मागे, प्रवाहाला आडवी, एक भेग होती. अशा भेगेत काय असू शकतं ते कुणाही जाणत्याला दिसलं असतं. नोलीनने दोन-तीनदा विचारून पाहिलं.

"ती राहू दे," तो म्हणायचा. "तिची वेळ यायचीय."

मग तिने विचारणं सोडलं.

रेविन आली ती नाताळच्या उन्हाळी सुट्या संपता संपता. पन्नाशी गाठली तरी ती हसली की घर भरल्यासारखं वाटायचं, आणि ती फार हसायची. क्लॅरीने रोज दाढी करायला सुरुवात केली. ती उठायची उशिरा, तोवर नोलीनने केलेली लापशी गार होऊन जायची आणि दोघं मिळून टोस्ट जाळून खायची. जळलेल्या टोस्टवर क्लॅरी विनोद करायचा. नोलीनने उभ्या आयुष्यात एकदा टोस्ट जाळला असेल, तेव्हा तो म्हणाला होता, "लक्ष कुठे असतं तुझं?"

"डॅड किती मजेशीर आहे गं," रेविन एकदा भांडी पुसताना म्हणाली. "तू फोनवर नेहमी सांगायचीस कुरकुऱ्या झालाय म्हणून. मला तर दिसला नाही कुठे."

"नवीन माणूस आलं की थोडे दिवस जमतं त्याला," नोलीन म्हणाली आणि आपल्याच आवाजातला आंबटपणा तिला ऐकू आला.

फेब्रुवारीत ऊन चांगलं पडलं तेव्हा रेविननेच विषय काढला. "डॅड, मला ने ना ओढ्यावर. तुम्ही दोघं जाता, मला कधी नेलंच नाहीत."

"तुला चिलटं चावतात म्हणून तू येत नव्हतीस," नोलीन म्हणाली.

"तेव्हा मी सात वर्षांची होते."

"आता काय, माणसाला चावत नाहीत ती?"

"नोलीन, तू पिकअप काढ," क्लॅरी म्हणाला. "आणि ती घडीची खुर्ची घे माझी. मी बसून सांगेन, ती करेल."

रविवारी ती तिघं गेली. वाटेवरच्या बीच नावाच्या उंच झाडांतून खाली उतरताना क्लॅरीने रेविनचा हात धरला होता. खुर्ची, फावडी, पहार, चहाचा थर्मास आणि तिन्ही थाळ्या नोलीनकडे होत्या. काठावर खुर्ची मांडून झाल्यावर तिने सवयीने खालच्या वळणाकडे बोट केलं. "तिला तिथे बसवू या. नवख्याला बरं आहे, पाणी उथळ आहे."

"नको," क्लॅरी म्हणाला. त्याने काठी उचलून धोंड्याकडे रोखली. "रेविन, तिकडे. त्या दगडाच्या मागे भेग आहे ना, तिच्या तोंडाशी चमच्याने उकर."

नोलीन हातात पहार घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"डॅड, ती भेग?"

"हो, ती भेग. तू वर जा पाहिजे तर. आमचं चालेल."

ती वर गेली नाही. वीसेक पावलांवर वाकून बसली आणि एकच थाळी पुन्हा पुन्हा धूत राहिली. कान तिकडेच होते. चमचा खडकावर खरखरत होता, रेविन चिलटांना शिव्या देत होती, क्लॅरी हसत होता. "हळू गं, सूप नाहीये ते. पाण्याखाली धर. अस्सं. आता मागे घे, पुढे घे. वा, हात आहे तुला." हात आहे तुला. नोलीनला हात आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. पण गावातल्या हौशी मंडळींत तिच्याइतकी झटपट थाळी कुणाची धुऊन होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रेविन थांबली. "डॅड, हे काय आहे?"

ती थाळी घेऊन वाकली आणि क्लॅरीने आत पाहिलं. नोलीनने लांबूनच ओळखलं. वडिलांचे खांदे तसे खाली आलेले तिने कधी पाहिले नव्हते. ती उठून गेली. काळ्या रेतीत वालाच्या दाण्याएवढा सोन्याचा खडा होता, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या गारगोटीचा ठिपका. एवढ्या वर्षांत त्या दोघांना तांदळाच्या दाण्याहून मोठं काही मिळालं नव्हतं.

क्लॅरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नोलीन, फोटो काढ आमचा," तो म्हणाला.

तिने काढला. रेविन, क्लॅरी आणि मध्ये त्याच्या तळहातावर खडा. पहिला फोटो हलला, तर तिला दुसरा काढायला लावला.

पुढच्या आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. बेकरीत, पेट्रोल पंपावर, धुलाईघरातसुद्धा. "तुझ्या बहिणीचं नशीब बघ," बायका म्हणायच्या, आणि नोलीन गरम चादरींच्या घड्या घालता घालता म्हणायची, "हो ना, पहिल्याच दिवशी." ती बाटली अजून खिडकीत होती. हा खडा बाटलीत गेला नाही. क्लॅरी रेविनला घेऊन बसने थेट ग्रेमाउथ शहराला गेला आणि सोनाराकडून खड्याला कडी लावून आणली. शुक्रवारी नोलीन लापशी करायला आली तेव्हा रेविन पहिल्यांदाच तिच्याआधी उठलेली होती आणि साखळीतला तो खडा तिच्या झग्याच्या गळ्यातून डोकावत होता.

"कसा दिसतो?" तिने विचारलं. तिला खरंच विचारायचं होतं, मनात दुसरं काही नव्हतं. तेच नोलीनला जास्त लागलं.

"मोठा दिसतो," ती म्हणाली.

"या रविवारी उरलेली भेग काढणार आहोत. डॅड म्हणतो, तोंडाशीच एवढं, तर आत काय असेल."

शनिवारी नोलीनची सुट्टी असायची. उजाडल्यावर तिने पिकअप काढली आणि कुणाला न सांगता ओढा गाठला. वाटेत ती स्वतःला सांगत होती की आपण फक्त बघायला चाललोय. पण पिकअपमध्ये मोठी पहार होती, लाकडाचे ओंडके होते, वाकवलेले चमचे होते आणि रबरी पिचकारीही होती. नुसतं बघायला जाणारा माणूस एवढं घेऊन जात नाही.

धोंडा हलल्याशिवाय भेगेच्या आत हात जाणार नव्हता. तिने खालचा मुरूम काढला, ओंडका टेकण म्हणून लावला, पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. काही झालं नाही. तिने टेकण पुढे सरकवलं. पुन्हा भार. दुपारपर्यंत ती हेच करत होती. चिलटांनी मानेची चाळण केली होती, तळहात सोलले होते, आणि ती मोठ्याने बोलत होती हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. "तिची वेळ यायचीय काय? आली बघ तिची वेळ." मग धोंडा हातभर सरकला आणि अंगावरचं पाणी झटकल्यासारखा दुसऱ्या अंगाला बसला.

आत घट्ट निळी माती होती. तिने ती चमच्याने खरवडली, भेग धुतली, पिचकारीने तळ शोषून काढला. पहिल्या थाळीत पिवळी कड आली ती बोटाएवढी रुंद. दुसऱ्या थाळीत दोन खडे होते. एक वाटाण्याएवढा. दुसरा रेविनच्या खड्याहून मोठा.

नोलीनने मान वर केली. तोंड उघडलं होतं, आणि तिला कळलं की आपण "डॅड, बघ" म्हणायला वळलोय. काठावर कुणी नव्हतं. वर झाडांच्या पानांत एक लहानसा काळा पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर उडत होता. तिने खडा धुतला, वळवून पाहिला, पुन्हा धुतला. दाखवायला कुणी नसलं की सोन्याकडे किती वेळ बघणार? तिने सगळं रिकाम्या मोहरीच्या डबीत भरलं, खड्डा बुजवला, दगड होते तसे लावले, शेवाळाची बाजू वर. हात ते आपोआप करत होते.

रविवारी ती पुन्हा पिकअप चालवत त्या दोघांना घेऊन आली. हाताला काय झालं म्हणून रेविनने विचारलं, तर धुलाईघरातल्या वाफेने भाजलं म्हणाली.

क्लॅरी धोंड्यासमोर उभा राहिला. मग त्याने काठीच्या टोकाने एक शेवाळी दगड उलटला, खाली वाकून भेगेत बोट फिरवलं आणि ते बोट पाहिलं.

"साफ केलीय," तो म्हणाला. "पुसून घेतल्यासारखी."

"कुणी?" रेविनचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"काम बघ. टेकण लावून धोंडा सरकवलाय, एक चरा नाही. भेग धुतलीय. वर दगड लावलेत. हौशी पर्यटकाचं काम नाही हे. कसलेल्या माणसाचं काम आहे." तो सरळ झाला. चेहरा पांढरा पडला होता. "डेस. त्याच्याशिवाय या खोऱ्यात असं काम कुणाला येतं?"

नोलीन तिथेच उभी होती. तळहातांवर फोड घेऊन, त्याच्यापासून तीन हातांच्या अंतरावर. कसलेल्या माणसाचं काम, हे ऐकून तिला क्षणभर अभिमान वाटला होता, आणि पुढच्याच क्षणी ते कौतुक डेसच्या खात्यावर गेलं. एवढ्या वर्षांत तिला चोर समजण्याइतकंही त्याने तिला मोजलं नव्हतं. तिने हात पाठीमागे घेतले.

डेस हा क्लॅरीचा जुना मित्र. लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेला, बायको गेलेला, दर गुरुवारी पत्ते खेळायला येणारा. क्लॅरी त्याच संध्याकाळी काठी टेकत त्याच्या दारात गेला आणि रस्त्यावरून ऐकू जाईल अशा आवाजात त्याला चोर म्हणाला. रेविनने त्याला कसंबसं घरी आणलं. गुरुवारी डेस आला नाही. क्लॅरीने पत्त्यांचा जोड टेबलावर काढून ठेवला होता, तो उशिराने उचलून ठेवला. पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. त्याचं जेवण कमी झालं. रेविनच्या विनोदांना तो हसेना.

नोलीन शेवटी डेसकडे गेली. तो अंगणात लाकडं फोडत होता. तिला बघून त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"डेस, मला तुला काही सांगायचंय."

"हात बरे झाले का?" त्याने विचारलं.

तिने तळहात मिटून घेतले.

"त्या शनिवारी मी सरपणाला वर गेलो होतो. तुझी पिकअप वाटेच्या तोंडाशी होती. डोकावून पाहिलं तर तू धोंड्याशी बोलत होतीस. म्हटलं, घरगुती मामला दिसतोय, आपण मध्ये कशाला पडा."

"मग डॅड इथे येऊन ओरडला तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलणार होतो? तुझी पोरगी आहे रे म्हणून?" डेसने कपाळाचा घाम पुसला. "शिवाय तुझा बाप पत्त्यांत फसवतो. चार गुरुवार सुट्टी मिळाली तर मला काही वाईट वाटत नव्हतं." मग त्याचा आवाज जरा बदलला. "आता मात्र वाटतंय. तू त्याला सांग नाहीतर नको सांगू, ते तुझं तू बघ. पण तो स्वतः आल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोलीन लापशी करायला आली ती मोहरीची डबी खिशात घालून. क्लॅरी आणि रेविन टेबलाशी बसले होते. तिने चूल पेटवली नाही. डबी टेबलावर ठेवली.

"ते काम डेसचं नव्हतं."

"मग कुणाचं?" क्लॅरी म्हणाला. "असं काम करणारं दुसरं आहे कोण?"

"मी आहे."

तिने बशी ओढली आणि डबी तिच्यात पालथी केली. दोन्ही खडे बशीवर टणकन वाजले. रेविनने पाहिलं, मग नोलीनकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. क्लॅरीने चष्मा चढवला, खण ओढून भिंग काढलं. तो खड्यावर वाकला आणि सगळ्या बाजूंनी तो पाहून घेतला.

"धोंडा कसा सरकवलास?" त्याने विचारलं.

"सहा फुटी पहारीने."

"टेकण?"

"ओंडका. दोनदा बदलला. पहिला फुटला."

"वरच्या अंगाने लावलास की खालच्या?"

"खालच्या. वरून लावला असता तर माझ्यावरच आला असता."

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर." त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती आणि ती सरळ तिच्यावर होती. कितीतरी आठवडे त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. ती सुखावली, आणि सुखावली म्हणूनच तिला भयंकर राग आला.

"बरोबर काय? मी तुम्हाला न सांगता तिथे गेले. तुझी भेग लुटली. डेसला तू चोर म्हणालास आणि मी ऐकत उभी राहिले. ओरड ना माझ्यावर. जळलेल्या लापशीवर ओरडतोस तेवढं तरी ओरड."

"नोलीन, बस," रेविन म्हणाली.

"तू बोलू नकोस. तुझ्या गळ्यात आहे ना, पुरे झालं." मग ती वडिलांकडे वळली. "एवढं एकच सांग. मी शाळेत असल्यापासून येतेय तुझ्याबरोबर. मला नाही म्हणालास. दर वेळी. ती ओढ्यावर आली आणि पहिल्याच रविवारी तिला तिथे बसवलंस. का?"

क्लॅरीने भिंग खाली ठेवलं. त्याला असलं बोलणं जमत नसे. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मी ती राखून ठेवली होती," तो शेवटी म्हणाला. "काढली असती तर मग पुढच्या रविवारी जायला कारण काय उरलं असतं? ती होती म्हणून आपण जात होतो. मग ही आली. मला वाटलं, हिला कंटाळा येईल, ही परत जाईल. हिला काहीतरी मोठं सापडलं तर राहील."

"आणि मी?"

"तू कुठे जाणार होतीस?"

त्याने हे अगदी साधेपणाने म्हटलं. सूर्य उगवतो म्हणावं तसं. रेविननेच मान खाली घातली.

"पाहुणी आली की माणूस बरा वागतो, डॅड," नोलीन म्हणाली. "मलाही कधीतरी पाहुणी म्हणून यायला आवडलं असतं."

तिने गोळ्यांची डबी फळीवरून काढली आणि रेविनसमोर ठेवली. "सकाळच्या निळ्या, जेवणानंतर पांढऱ्या. ओट भिजत घालायचे आदल्या दिवशी. नखं पंधरा दिवसांनी. गुडघा दुखतोय म्हणेल, तरी कापायची." आणि ती चूल न पेटवता निघून गेली.

क्लॅरी त्या दुपारी डेसकडे गेला. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. डेस गुरुवारी आला, आणि क्लॅरीने पत्त्यांत फसवलं तेव्हा त्याने ते मोठ्याने सांगितलं, एवढंच.

नोलीनचं जाणं थांबलं नाही, पण आता ती जेवल्यानंतर यायची. दार वाजवायची. कोट काढून खुर्चीत बसायची, आणि रेविन तिला चहा करून द्यायची. पहिले काही दिवस तिचे हात रिकामे राहायला तयार नव्हते, ते उगाच टेबलावरचे चुरे गोळा करायचे. मग त्यांना सवय झाली. ती धुलाईघरातल्या गोष्टी सांगू लागली, डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात काय काय सापडतं ते. क्लॅरी गालात हसायचा. एकदा तर खोकला लागेपर्यंत हसला.

"नोलीन म्हणजे वल्ली आहे," तो रेविनला म्हणाला. "तुला ठाऊक नाही."

एप्रिलमध्ये उन्हाळा सरून थंडी पडू लागली तेव्हा रेविनने तिला फोन केला. नोलीन चादरी मोजत होती.

"तू लापशीत काय घालायचीस गं?" रेविनचा आवाज कोरडा होता.

"मीठ. का?"

"रोज ऐकतेय. नोलीनची लापशी अशी नसायची. नोलीनच्या हातची बरोबर व्हायची. आज म्हणाला, पत्रे बदलले तेव्हा नोलीनने कसं सगळं एकटीने बघितलं. मी काय खिडक्या पुसते त्या कुणी बघत नाही." ती थांबली. "तू हसतेयस का?"

"नाही," नोलीन म्हणाली. ती हसत होती. त्या दिवशी तिने उरलेल्या चादरी गाणं गुणगुणत मोजल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या आनंदाची चव जराशी कडवट का लागतेय हे तिला कळेना.

रविवारी ती पिकअप घेऊन दाराशी आली. क्लॅरी तयार होऊन फाटकाशी उभा होता, कानटोपी घालून. रेविन दारात होती, हातात ओला टॉवेल, आणि ओठ घट्ट मिटलेले. ते तोंड नोलीनने आरशात पुष्कळदा पाहिलं होतं.

"ती नाही येत?" तिने विचारलं.

"तिचे कपडे धुवायचे राहिलेत," क्लॅरी आत चढत म्हणाला. "चल तू. आपण दोघं बरी."

आपण दोघं. तिने हे शब्द ऐकण्यासाठी केवढं पाणी तुडवलं होतं. तिने गाडी चालू केली. काढली मात्र नाही. इंजिन घरघरत राहिलं, आणि तिने रेविनला दारात थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं. तेवढं तिला हवंच होतं. मग तिने काच खाली केली.

"बूट घाल. आणि अंगभर घाल काहीतरी, चिलटं अजून गेली नाहीत."

"माझे कपडे..."

"कपडे पळून जात नाहीत. ये लवकर, म्हातारा गारठेल."

तिघं एका बाकावर बसली. मध्ये क्लॅरी, दोन्हीकडच्या कोपरांबद्दल कुरकुरत. ओढ्यावर त्यांनी धोंड्याच्या खूप खाली नवीन जागा धरली, कारण वरती काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. नोलीनने रेविनला थाळी तिरपी कशी धरायची ते दाखवलं. क्लॅरीने सुरुवातीला चुकीचं शिकवलं होतं, हे दोघींनी त्याला सांगितलं नाही. पाणी बर्फासारखं होतं. खुर्ची दोघींच्या मधोमध मांडली होती, आणि त्यांच्या थाळ्या जवळपास एकाच वेळी धुऊन होत आल्या. काळी रेती उरली. दोघींनी वर न बघता हात जरा सावकाश केले. तो आधी कुणाच्या थाळीत डोकावतो, याकडे दोघी आपलं लक्ष नाही असं दाखवत बघत होत्या.

क्लॅरी हलला नाही. रेविनने शेवटी मान वळवली. कानटोपी नाकावर आली होती, तोंड उघडं होतं, आणि तो गाढ झोपला होता.

"उठवू का?" तिने विचारलं.

"नको," नोलीन म्हणाली. "दाखव, तुझ्यात काय आलंय."